मॅनॉन बघण्याआधी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध काळ्या झग्यात गुरफटून एक माणूस बसलेला असतो. तो नाचत नाही. समोरच्या अंधारात बसलेल्या प्रेक्षकांकडे रोखून पाहत राहतो. हा लेस्को, नायिकेचा भाऊ. पुढच्या दोन अंकांत तो आपल्या बहिणीचा सौदा ठरवणार आहे आणि त्या सौद्यापायी स्वतःच्या जिवालाही मुकणार आहे. क्षणभराने उजेड पसरतो, सराईचं गजबजलेलं अंगण दिसू लागतं. भिकारी, नट्या, वेश्या, पैसेवाले शौकीन, खिसे कापणारी पोरं. आणि या सगळ्यांच्या मागे, वर, चिंध्या लोंबत असतात. पुढे झुंबरांचा दिवाणखाना येतो, रेशमी झगे येतात, हिरे येतात, तरी त्या चिंध्या जागच्या हलत नाहीत. निकोलस जॉर्जियाडिस यांच्या या नेपथ्याकडे आधी लक्ष द्यावं, कारण गोष्टीचा खरा खलनायक तिथे पहिल्यापासून टांगलेला आहे. तो म्हणजे दारिद्र्य.

केनेथ मॅकमिलन यांनी रचलेला ‘मॅनॉन’ हा तीन अंकी बॅले ७ मार्च १९७४ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅलेने पहिल्यांदा सादर केला. मॅनॉनच्या भूमिकेत आंतोनेट सिब्ली होत्या, तिचा प्रियकर दे ग्रिय झाले होते अँथनी डॉवेल, लेस्को होते डेव्हिड वॉल आणि लेस्कोच्या रखेलीचं काम मोनिका मेसन यांनी केलं होतं. मूळ गोष्ट आबे प्रेव्हो या फ्रेंच लेखकाच्या १७३१ सालच्या कादंबरीतली. पुढे ही गोष्ट इतक्यांनी हाती घेतली, की फ्रान्समध्ये मॅनॉन हे नाव घेतलं की वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्याकडे ती द्यावी लागते, म्हणून ही पुस्तिका.

नागपुरातल्या आमच्या प्रताप नगरात संध्याकाळी रिंग रोडवरून आत वळलं, की एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावरून तत्कार ऐकू येतो. कथक आणि भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली, त्यांना आणायला आलेल्या आया, फाटकाशी उभ्या केलेल्या स्कूटी. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात एखादा नृत्याचा कार्यक्रम असला की याच घरांतली माणसं तिथे दिसतात. नाच बघणारा, नाचातलं कळणारा प्रेक्षक इथे आहे. बॅले मात्र आमच्यापर्यंत येतो तो ध्वनिचित्रमुद्रणातून, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, शेजारपाजारचे चार जण जमले की. ‘मॅनॉन’ तसाच पाहिला गेला आणि नंतर चहाबरोबर वाद झाला. प्रेम करणाऱ्या मुलाला टाकून ही बाई दागिन्यांसाठी म्हाताऱ्याच्या मागे जाते, मग ती मेली तर आपण कशाला रडायचं, असं एक म्हणणं. त्यावर आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, “तिच्याजवळ होतं काय? तुम्ही असते तर काय केलं असतं, सांगा.” खोलीत कुणी लगेच बोललं नाही.

हा वाद काही नागपुरात सुरू झालेला नाही. १९७४ साली लंडनच्या वर्तमानपत्रांतही काही समीक्षकांनी हेच लिहिलं होतं. नायिका चवचाल, नायक मूर्ख, आणि सिब्ली यांच्यासारखी गुणी नर्तकी हिऱ्यांमागे धावणाऱ्या पोरीच्या भूमिकेत वाया घातली, असा त्या लिखाणाचा सूर होता. आज हा बॅले जगातल्या मोठमोठ्या संचांकडे आहे आणि ज्या नर्तकीला आपली ताकद दाखवायची असते ती मॅनॉनची भूमिका मागते. तरीही पहिल्यांदा पाहणारा प्रेक्षक त्या जुन्या प्रश्नापाशी येऊन थांबतोच. मला या प्रस्तावनेत जे सांगायचं आहे ते या प्रश्नाबद्दलच आहे. मॅनॉन चांगली की वाईट हे ठरवायला बसू नका. तिला कोण उचलतं, कसं उचलतं, उचलून कुणाच्या हाती देतं, तेवढं बघत राहा. सगळी गोष्ट तिथे आहे.

आधी कादंबरीबद्दल थोडं. प्रेव्हो हा बेनेडिक्टिन पंथाचा संन्यासी. मठातून परवानगीविना बाहेर पडला, इंग्लंड आणि हॉलंडमध्ये राहिला, कर्जात बुडाला, लिहून पोट भरलं. ‘एका प्रतिष्ठित माणसाच्या आठवणी आणि साहसं’ अशा अर्थाच्या नावाची त्याची सात खंडांची मालिका होती. मॅनॉनची गोष्ट तिच्या शेवटच्या खंडात येते. १७३३ मध्ये पॅरिसमध्ये पुस्तक जप्त झालं. जप्तीने जे व्हायचं तेच झालं, वाचक वाढले. १७५३ मध्ये प्रेव्होने ती सुधारून पुन्हा छापली.

त्या कादंबरीची घडण नीट समजून घ्यायला हवी, कारण मॅकमिलन यांचं मोठेपण तिथूनच कळतं. ती सगळी गोष्ट दे ग्रियच्या तोंडची आहे. त्याने मॅनॉनला कसं पाहिलं, ती त्याला कशी सोडून गेली, परत आली तेव्हा काय म्हणाली, सगळं तो सांगतो. शोक त्याचा, पश्चात्ताप त्याचा, शब्दही त्याचेच. मॅनॉन कशी दिसत होती याचं धड वर्णनसुद्धा मिळत नाही. प्रेमात आंधळा झालेला एक मुलगा मेलेल्या बाईबद्दल बोलतो आहे आणि तिची बाजू मांडायला ती हजर नाही. बॅलेत निवेदक नसतो. तिथे मॅनॉन स्वतः येते, आपल्या समोर तिचं शरीर असतं, तिचा श्वास चढलेला दिसतो. दोनशे चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली बाई पायांच्या टोकांवर उभी राहून स्वतःचं म्हणणं मांडते.

मॅकमिलन यांचं तिच्याबद्दलचं मत त्यांनी सांगून ठेवलेलं आहे. मॅनॉनला गरिबीची भीती वाटते त्यापेक्षा तिला गरिबीची लाज वाटते, आणि त्या काळात गरीब असणं म्हणजे हळूहळू मरणं होतं, असा त्याचा आशय. हे बोलणारा माणूस गरिबी पुस्तकात वाचून आलेला नव्हता. ११ डिसेंबर १९२९ रोजी स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन इथे त्यांचा जन्म झाला. वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूने अधू झालेले, घरात ओढाताण, आई ते लहान असतानाच गेली. मुलगा नाच शिकतो हे वडिलांना सांगायची सोय नव्हती. तेव्हा पंधरा वर्षांच्या केनेथने वडिलांच्या नावाने स्वतःच पत्र लिहून रॉयल बॅलेच्या संस्थापक निनेट द व्हॅल्वा यांच्याकडे चाचणी मागितली. पत्र पोचलं, चाचणी झाली आणि ब्रिटिश बॅलेला त्याचा सर्वांत अस्वस्थ करणारा रचनाकार मिळाला. राजकन्या आणि हंस यांच्या गोष्टींत ते फार रमले नाहीत. आत्महत्या, वेडेपण, बळजबरी, उद्ध्वस्त कुटुंबं, हे विषय त्यांनी त्या नाजूक समजल्या जाणाऱ्या कलेत आणले. २९ ऑक्टोबर १९९२ रोजी रॉयल ऑपेरा हाउसमध्ये त्यांच्याच ‘मायरलिंग’ या बॅलेचा प्रयोग चालू असताना रंगमंचामागे त्यांचं निधन झालं.

‘मॅनॉन’ रचताना त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने आधी जोडनृत्यं बसवली, मग त्यांच्या भोवती बाकीची गोष्ट उभी केली. तालमींच्या काळात सिब्ली आजारी पडल्या आणि बराचसा भाग जेनिफर पेनी यांच्या अंगावर बसवला गेला. १९८२ च्या ज्या मुद्रणातून जगाने हा बॅले पाहिला त्यात पेनीच मॅनॉन आहेत, सोबत डॉवेल.

आता ही जोडनृत्यं. त्यांना बॅलेत ‘पा द द’ म्हणतात. जुन्या बॅलेंत त्याचा एक ठरलेला क्रम असतो: दोघांनी मिळून संथ नाच, मग त्याचा एकल, तिचा एकल, शेवटी दोघांची जलद अखेर, आणि मध्ये टाळ्यांसाठी थांबा. मॅकमिलन यांनी तो क्रम मोडला. त्यांच्याकडे जोडनृत्य म्हणजे संवाद. त्यात माणसं काहीतरी ठरवतात, नाकारतात, खोटं बोलतात. पहिल्या अंकात सराईच्या अंगणात दे ग्रिय मॅनॉनला पहिल्यांदा पाहतो. हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, पुस्तकात डोकं घालून चालणारा. ती कॉन्व्हेंटमध्ये निघालेली. तो तिच्यासमोर एकटा नाचतो, म्हणजे स्वतःची ओळख करून देतो. या नाचात उंच उड्या नाहीत. संथ लयीत एक पाय मागे लांबवून धरायचा, तोल जाईल असं वाटेपर्यंत धरायचा, मग वळायचं, वाकायचं, पुन्हा धरायचा. कथक शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलींना हे चटकन उमगलं. द्रुत लयीत चूक झाकता येते, विलंबितात येत नाही. डॉवेल यांच्या अंगाच्या लांबलचक रेषांसाठी रचलेला हा तुकडा आजही पुरुष नर्तकांना घाम फोडतो आणि बघणाऱ्याला मात्र एक लाजरा मुलगा मनातलं बोलतो आहे असंच वाटायला हवं.

दुसऱ्या प्रवेशात ती दोघं पॅरिसमधल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत आहेत. तो टेबलाशी बसून वडिलांना पत्र लिहितो आहे, पैसे हवे आहेत. ती मागून येते, त्याच्या हातातली लेखणी काढून फेकून देते. मग जे जोडनृत्य होतं ते या बॅलेतलं सर्वांत प्रसिद्ध. इथे उचलण्याकडे बघा. दे ग्रिय तिला उचलतो तेव्हा उडी आधी तिची असते. ती पळत येते, स्वतःला झोकून देते, तो तिला झेलतो. तो जमिनीवरून तिला फिरवतो तेव्हा तीच त्याच्या मानेभोवती हात टाकून वेग घेते. हवेत जाण्याचा निर्णय तिचा आहे. हे नीट लक्षात ठेवलंत तर पुढचं दिसेल.

तो पत्र टाकायला बाहेर जातो आणि लेस्को आत येतो, सोबत मुस्यो जी. एम. नावाचा श्रीमंत म्हातारा. तिघांचा नाच सुरू होतो. भाऊ बहिणीचा पाय धरून वर करतो, म्हाताऱ्यासमोर धरतो. म्हातारा त्या पायाला कुरवाळतो. भाऊ तिला वळवतो, वाकवतो, तिच्या अंगाची प्रत्येक बाजू दाखवतो, उचलून त्याच्या हवाली करतो. पदन्यास तेच आहेत, बॅलेचीच भाषा आहे, आरामखुर्चीत बसून बघितलं तर नाच सुंदरच दिसतो. आणि तेच भयंकर आहे. हवेत जायची सुरुवात आता तिच्याकडून होत नाही. अंगावर फरचा झगा चढतो, मनगटावर दागिना. ती आरशात बघितल्यासारखी स्वतःकडे बघते, तिला ते आवडतं, आणि हे मॅकमिलन यांनी लपवलेलं नाही. जाताना ती पलंगाकडे वळून पाहते. मग जाते.

दुसऱ्या अंकात मादामच्या कोठीवरची मेजवानी आहे. लेस्को दारू प्यालेला, त्याचं आणि त्याच्या रखेलीचं झिंगलेलं जोडनृत्य हा या बॅलेतला एकमेव मनमुराद हसवणारा तुकडा. पडल्यासारखं करायला तोल किती पक्का लागतो ते तिथे बघावं. मग मॅनॉन येते, हिऱ्यांनी मढलेली, जी. एम.च्या हातात हात घालून. आणि पुरुषांच्या घोळक्यात तिचा नाच सुरू होतो. ते तिला डोक्यावर उचलतात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतात, तिसरा घेतो, फिरवतो, चौथ्याकडे सोपवतो. बराच वेळ तिचे पाय जमिनीला लागत नाहीत. चेहऱ्यावर हसू आहे, अंगात डौल आहे, ती त्या खोलीची राणी आहे, आणि एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरणारी वस्तू आहे. दोन्ही एकाच वेळी. दे ग्रिय कोपऱ्यातून बघतो आहे. हा नाच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि माझ्या मते रंगभूमीवर बाजार दाखवण्याचं इतकं नेमकं काम शब्दांनाही क्वचितच जमलं असेल.

हे बघताना मराठी माणसाला वसंतसेना आठवल्याशिवाय राहत नाही. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं, बालगंधर्वांनी वसंतसेना केली, आणि गणिकेचं एका गरीब माणसावर प्रेम ही गोष्ट आपल्या घराघरांत पोचली. तिथेही दागिने आहेत. ते ठेव म्हणून चारुदत्ताकडे जातात, चोरीला जातात, परत येतात, आणि चारुदत्ताचा मुलगा मातीच्या गाडीऐवजी सोन्याची हवी म्हणून रडतो तेव्हा वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत घालते. आपल्याला ती आवडते, कारण ती देते. पण तिच्याकडे देण्यासारखं होतं, हे आपण विसरतो. ती नगरातली श्रीमंत बाई, गरिबी चारुदत्ताच्या घरात होती. मॅनॉनच्या मागे वाडा नाही, नाव नाही, आणि भाऊ आहे तो असा. दागिना तिच्याकडे येतो तेव्हा तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काहीतरी जमा होतं. शूद्रकाने शेवटी राज्य उलथवलं, नवा राजा आणला आणि वसंतसेनेला कुलवधूचा मान मिळवून दिला. प्रेव्होच्या फ्रान्समध्ये राजा बदलायला अजून साठेक वर्षं होती.

तिथे अशा बायकांचं काय होत असे, याची नोंद इतिहासात आहे. १७१९–२० च्या सुमारास पॅरिसच्या साल्पेत्रिएरमध्ये कोंडलेल्या बायकांना, त्यांत वेश्या ठरवलेल्या आणि चोर ठरवलेल्याही होत्या, साखळ्या घालून बंदरावर नेलं जाई आणि जहाजाने अमेरिकेतल्या लुइझियाना वसाहतीत पाठवलं जाई. न्यू ऑर्लिन्स १७१८ मध्ये वसलेलं. वसाहतीला बायका हव्या होत्या, पॅरिसला त्या नको होत्या. प्रेव्होने आपल्या नायिकेची शिक्षा कल्पनेतून काढलेली नव्हती.

बॅलेत हे असं घडतं. कोठीवर दे ग्रिय पत्त्यांत लबाडी करतो, पकडला जातो, दोघं पळून खोलीवर येतात. तिच्या हातात जी. एम.ने दिलेलं कडं अजून आहे. तो ते काढायला सांगतो, ती काढत नाही. या कड्यावरून त्यांचं जे भांडण होतं ते एक पूर्ण जोडनृत्य आहे, आणि त्यात पहिल्या खोलीतल्या नाचाच्या खुणा ओळखू येतात. तीच खोली, तीच माणसं, तेच हात, मध्ये एक कडं. मग शिपाई येतात, लेस्कोला गोळी घातली जाते, मॅनॉनला अटक होते.

तिसऱ्या अंकात न्यू ऑर्लिन्सचं बंदर. जहाजातून बायका उतरतात, केस कापलेले, अंगावर फाटके कपडे. दुसऱ्या अंकात कोठीवर मिरवणाऱ्या नर्तकीच इथे खांदे पाडून चालत येतात, आणि मागच्या चिंध्या आता थेट त्यांच्या अंगावर आलेल्या असतात. मॅनॉनलाही ओळखायला क्षणभर लागतो. तिथला जेलर तिला आपल्या कचेरीत नेतो, बळजबरी करतो आणि झाल्यावर तिच्या मनगटात एक कडं चढवतो. जी. एम.च्या कड्यापासून सुरू झालेला व्यवहार इथे पोचतो. पॅरिसमध्ये त्याला भेट म्हणत होते, इथे भेट म्हणायचीही गरज राहिलेली नाही. हा प्रवेश मॅकमिलन यांचा स्वतःचा आहे. कादंबरीत गव्हर्नरचा पुतण्या मॅनॉनवर हक्क सांगतो आणि दे ग्रियशी त्याचं द्वंद्व होतं, म्हणजे दोन पुरुषांचा मामला. मॅकमिलन यांनी तो काढून टाकला आणि जे तिच्या शरीरावर होतं ते दाखवलं. तिच्या मागोमाग इथवर आलेला दे ग्रिय जेलरला सुरा मारतो आणि दोघं पळतात.

शेवट दलदलीत होतो. कादंबरीत उजाड वाळूचं माळरान आहे आणि दे ग्रिय मोडक्या तलवारीने, हातांनी तिच्यासाठी खड्डा खणतो. इथे धुकं आहे, आणि धुक्यातून मागच्या आयुष्यातली माणसं एकेक करून येऊन जातात. त्यात शेवटचं जोडनृत्य. ती पुन्हा पळत येऊन स्वतःला झोकून देते, हवेत गिरक्या घेते, तो झेलतो. सुरुवातीच्या खोलीतली उडी परत आलेली आहे, पण अंगात त्राण नाही. हात लुळे पडलेले, मान मागे गेलेली, तो तिला उभी करतो आणि ती घसरते. नर्तकीच्या दृष्टीने हे फार धोक्याचं काम आहे, कारण अंग सैल सोडलेलं दिसायला हवं आणि हवेत मात्र प्रत्येक स्नायू ताब्यात हवा. माझं वाचन असं, की या दलदलीत तिच्याकडून कुणाला काही मिळण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून हवेत जायची सुरुवात पुन्हा तिच्याकडे येते. सगळ्यांनी हे असंच घ्यावं असा आग्रह नाही. ज्यांना तो फक्त मरणाचा आकांत वाटतो त्यांचंही बरोबर आहे.

संगीताबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. मास्ने या फ्रेंच संगीतकाराचा ‘मॅनॉन’ नावाचा ऑपेरा १८८४ मध्ये पॅरिसला आला आणि आजही गाजतो. बॅलेचं संगीतही मास्नेचंच आहे, पण त्या ऑपेरातला एकही सूर यात नाही. लेटन लुकास यांनी हिल्डा गाँट यांच्या मदतीने मास्नेच्या इतर ऑपेरांतून, धार्मिक रचनांतून, गाण्यांतून तुकडे वेचून हा पट विणला. ‘एलेजी’ ही त्याची प्रसिद्ध धून त्यात आहे, ‘सांद्रियाँ’ आणि ‘ला व्हिएर्ज’ यांतलेही भाग आहेत. २०११ मध्ये मार्टिन येट्स यांनी वाद्यमेळ नव्याने बांधला. पॅरिस ऑपेराने १९९० मध्ये हा बॅले घेतला तेव्हा मास्नेच्या ऑपेराशी घोटाळा नको म्हणून नाव ‘इस्त्वार द मॅनॉन’, म्हणजे मॅनॉनची गोष्ट, असं ठेवलं. २०१५ मध्ये ऑरेली द्युपाँ यांनी पॅरिस ऑपेराच्या मुख्य नर्तकी म्हणून निरोप घेतला तो याच भूमिकेतून. जाता जाता एवढं सांगायला हवं, की या मास्नेने १८७७ मध्ये ‘लाहोरचा राजा’ नावाचा ऑपेरा लिहिला होता. हिंदुस्थान न पाहता.

युरोपने आपल्याला असं बरंच कल्पून घेतलं. पण देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असं नाही, आणि आमच्यासारख्या प्रेक्षकांसाठी ते आठवण्याजोगं आहे. १९२२ मध्ये रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हा मुंबईत येऊन नाचून गेली. पुढच्याच वर्षी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला तरुण उदय शंकर तिच्यासाठी राधा-कृष्णाचा आणि हिंदू विवाहाचा असे नाच रचून तिच्याबरोबर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये उभा राहिला. म्हणजे पुढे ‘मॅनॉन’ जिथे जन्मला त्याच रंगमंचावर. मुंबईत मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी कथकच्या भाषेत पूर्ण कथानक सांगणारे बॅले रचले, १९३६ ते ३८ या काळात आपला संच घेऊन युरोप पालथा घातला, बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकसोबतच्या नृत्यस्पर्धेत गौरव मिळवला आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. ‘मालविकाग्निमित्र’वर त्यांनी बॅले केला. राजवाड्यातल्या मालविकेचं नृत्य आणि तिला बघणारा राजा, म्हणजे बघणं आणि बघितलं जाणं हाच तिथलाही विषय. बॅले हा परका प्रकार आपल्याला झेपणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मेनकांचं काम शोधून वाचावं. आणि अलीकडचं बघायचं तर मुंबईतल्या कष्टकरी घरांतली दोन मुलं, मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शहा, येहुदा माओर या गुरूकडे शिकून परदेशातल्या बॅलेशाळांपर्यंत पोचली. सूनी तारापोरवाला यांचा २०२० चा ‘ये बॅले’ हा चित्रपट त्यांच्यावरून निघाला आणि त्यात मनीषने स्वतःची भूमिका स्वतः केली.

वाचक विचारतील, की फ्रेंच शोकांतिकाच घ्यायची तर ‘ला दाम ओ कामेलिया’ का नाही. ती गोष्ट जास्त लोकांना माहीत आहे, व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’मुळे. तिच्यावरही बॅले आहेत. फ्रेडरिक ॲश्टन यांनी १९६३ मध्ये मार्गो फाँटेन आणि नुरेयेव्ह यांच्यासाठी लिस्टच्या संगीतावर एक रचला, जॉन नॉयमायर यांनी १९७८ मध्ये श्टुटगार्टला शोपँच्या संगीतावर दुसरा. पण अलेक्झांडर द्युमा धाकटा याच्या त्या १८४८ च्या कादंबरीतच नायकाने नायिका मार्गरितला भेट दिलेली ‘मॅनॉन लेस्को’ची प्रत आहे आणि मार्गरित मेल्यावर सामानाच्या लिलावात ती विकली जाते. नॉयमायर यांनी तर आपल्या बॅलेत मार्गरितला प्रेक्षागृहात बसवून तिच्यासमोर मॅनॉनचाच नाच ठेवला. एक बाई दुसरीच्या गोष्टीत आपलं भविष्य बघते. म्हणून आधी मॅनॉन.

पुस्तिकेत पुढे प्रत्येक प्रवेशाचं कथानक, त्यातल्या पात्रांची ओळख आणि नृत्यातल्या काही जागा दिल्या आहेत. ज्यांना नृत्याची परिभाषा नको असेल त्यांनी फक्त कथानक वाचून बसावं, काही बिघडत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी १९८२ चं पेनी आणि डॉवेल यांचं मुद्रण घ्यावं. चित्र जुनं वाटेल, पण डॉवेल यांच्यावर जे रचलं गेलं ते त्यांच्याच अंगावर दिसतं, आणि लेस्कोही पहिल्या प्रयोगातलेच डेव्हिड वॉल आहेत. दुसऱ्यांदा तमारा रोहो आणि कार्लोस अकोस्टा यांचं बघावं. रोहो यांची मॅनॉन जास्त हिशेबी आहे, आपण काय करतो आहोत हे तिला पूर्ण कळतं, आणि त्यामुळे वाद आणखी रंगतो. अंकांमध्ये थांबायला विसरू नये, एका बैठकीत तिन्ही अंक सलग पाहिले तर तिसऱ्याला न्याय मिळत नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर तिसऱ्या अंकातला जेलरच्या कचेरीतला प्रवेश त्यांच्यासमोर लावू नये. मोठ्यांनी मात्र तो पुढे सरकवू नये.